कुत्र्यासह गावाकडे राहायला यायचंय? घर ठरवण्याआधी हे बघा

शहरात दोन खोल्यांना जेवढं भाडं जातं, तेवढ्यात किंवा त्याहून कमीत जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत अंगणासह घर मिळू शकतं. त्यामुळे पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबईहून पुन्हा गावाकडे येणारे, चाकणच्या कंपनीत कामाला जाऊन नारायणगाव-मंचरच्या बाजूला राहणारे आणि निवृत्तीनंतर शांत जागा शोधणारे अशा सगळ्यांची घरासाठी विचारणा सुरू असते. त्यातल्या काहींसोबत कुत्रा असतो आणि तिथे घर शोधण्याची सगळी गणितं बदलतात.

साधा समज असा, की गावात कुत्र्याला काय अडचण? शेत आहे, अंगण आहे, मोकळा फिरेल. प्रत्यक्षात बिबट्याच्या पट्ट्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शांत घर हेच कुत्र्यासाठी सर्वांत धोक्याचं ठरू शकतं. म्हणून भाडं विचारण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : रात्री कुत्रा कुठे झोपणार?

मळ्यातलं घर आणि बिबट्या

गावठाणात घरं एकमेकांना चिकटून असतात आणि अंगण कमी. मळ्यात, वस्तीवर घर मोठं, पुढे-मागे जागा, शेजारी लांब. भाडंही बहुतेक वेळा कमी. शहरातून आलेल्या माणसाला हेच आवडतं. पण घराच्या तिन्ही बाजूंना ऊस असेल तर ती जागा एकट्या माणसाची नाही. या तालुक्यांत बिबटे उसात राहतात, उसातच पिल्लं घालतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं ते याच कारणाने.

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासून एक अभ्यास झाला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने पाळीव आणि गावात राहणाऱ्या प्राण्यांचा वाटा ८७ टक्के निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, तरी शेळ्यांचा वाटा ११ टक्केच. कारण सरळ आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रा बाहेर असतो.

इथे एक जुनी सवय मोडावी लागते. राखणीला म्हणून कुत्रा रात्री ओट्याच्या खांबाला साखळीने बांधायचा, हे अनेक वस्त्यांवर चालत आलं आहे. मोकळा कुत्रा निदान पळू शकतो, बांधलेल्याला तेही नाही. शिवाय त्याच्या वासाने आणि भुंकण्याने बिबट्या थेट दारापर्यंत येतो, आणि त्याच ओट्यावर पहाटे लहान मुलं, म्हातारी माणसं वावरतात. कुत्रा बाहेर बांधणं हा फक्त कुत्र्याचा प्रश्न राहत नाही.

म्हणून घर बघताना कुत्र्यासाठी चार भिंती, वर पक्कं छत आणि आतून-बाहेरून कडी लागणारं दार असलेली जागा आहे का, ते बघावं. तारेची जाळी मारलेलं पण वरून उघडं आवार चालत नाही, बिबट्या भिंत आणि झाड दोन्ही चढतो. कांद्याची चाळ किंवा पडवी दाखवून 'इथे राहील की' असं घरमालक म्हणाला, तरी तिच्या फटी आणि दार नीट तपासावं. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे कुत्रा रात्री घरातच. त्याला मालकाची हरकत आहे का, हे त्याच वेळी विचारून घ्यावं, कारण 'कुत्रा चालेल' म्हणताना बऱ्याच जणांच्या मनात 'अंगणात चालेल' एवढंच असतं.

धनगर बांधव कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, तो उगाच नाही. बिबट्या मान धरतो. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या काही गावकऱ्यांनी शेतात जाताना स्वतःच्या गळ्यात असे पट्टे घातले होते, इतकी वेळ आली होती. पट्टा असावा, पण पट्ट्याच्या भरवशावर कुत्रा रात्री बाहेर ठेवू नये.

घर बघायला जायचा महिनाही महत्त्वाचा. पावसाळ्यात ऊस उभा असतो, तेव्हा बिबट्या आतच दडलेला. कारखाने सुरू झाले, तोडणी लागली, की त्याचा आडोसा जातो आणि त्याची हालचाल वाढते. घर पसंत पडलं तर आजूबाजूच्या रानात तोड कधी लागणार, हे शेजाऱ्याला विचारावं. त्या दिवसांत कुत्र्याला संध्याकाळी फिरवणं बंद करून सकाळी उशिरा, उजेडात न्यावं. बिबट्या दिसला किंवा ठसे आढळले तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

'शांत' गाव किती शांत?

दुपारी दोन वाजता घर बघितलं तर कुठलंही गाव शांतच वाटतं. खरी परीक्षा संध्याकाळी सात ते दहा. गाळपाच्या हंगामात रस्त्यावरचं घर असेल तर रात्रभर उसाच्या ट्रॅक्टरची रांग आणि त्यावरची गाणी. चैत्र-वैशाखात यात्रा. पुढे गणपती, नवरात्र, लग्नसराईचा डीजे. जवळ बैलगाडा शर्यतीचा घाट असेल तर त्या दिवशीचा भोंगा आणि गर्दी वेगळीच. माणूस सरावतो, फटाक्यांना भिणारा कुत्रा मात्र साखळी तोडून पळतो आणि नवख्या गावात त्याला परतीची वाट माहीत नसते. म्हणून एकदा बाजाराच्या दिवशी आणि एकदा रात्री चक्कर मारावी. खर्च फक्त पेट्रोलचा.

गावातली कुत्रीही बघून घ्यावीत. प्रत्येक आळीला त्यांची टोळी असते, पारापासून डेअरीपर्यंत त्यांची हद्द ठरलेली असते. नवा कुत्रा आला की पहिले पंधरा दिवस भांडणं ठरलेली. भाद्रपदाच्या सुमारास तर विचारायलाच नको. नर असो वा मादी, नसबंदी शहरात असतानाच करून आणलेली बरी, इथे त्या शस्त्रक्रियेसाठी लांब जावं लागू शकतं.

भाड्याचा करार : तोंडी शब्दावर राहू नका

गावाकडे घर भाड्याने देणं-घेणं अजून ओळखीवर चालतं. 'आपलाच माणूस आहे, कागद कशाला?' असं म्हणत चावी हातात दिली जाते. कुत्रा सोबत असेल तर हा घरोबा फार दिवस पुरत नाही. मालक हो म्हणतो, सहा महिन्यांनी मुंबईचा त्याचा भाऊ सुट्टीला येतो, अंगणात कुत्रा बघतो आणि म्हणतो, हे कोणाला विचारून? घर सामाईक असेल तर भावालाही बोलायचा हक्क असतो. त्यामुळे घर कोणाकोणाच्या नावावर आहे हे आधी बघावं आणि सगळ्यांची संमती घ्यावी.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाला ते खोडून काढावं लागतं. म्हणजे कागद हा मालकाच्याही फायद्याचा.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्स कराराला मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के लागतं. समजा पाच हजार रुपये भाडं आणि अकरा महिने, म्हणजे ५५ हजार. त्यावर शुल्क दीडशेच्याही आत येतं, अनामत रकमेमुळे थोडं वाढतं. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये, शहरी भागात १,०००. वर एजंटाचे पैसे. नोंदणी ऑनलाइन होते. तालुक्याच्या ठिकाणी दस्तलेखक किंवा सेतूजवळच्या दुकानांत अंगठा आणि फोटो घेऊन हे काम करून देतात.

त्या करारात इतर अटींच्या जागी कुत्र्याबद्दल स्पष्ट लिहून घ्यावं. भाषा साधी चालते : 'भाडेकरूकडे एक पाळीव कुत्रा असून तो घरात ठेवण्यास मालकाची संमती आहे. कुत्र्यामुळे दारे, भिंती, बागेचे नुकसान झाल्यास दुरुस्ती भाडेकरू करून देईल. लसीकरण वेळेवर करण्याची जबाबदारी भाडेकरूची राहील.' एवढं पुरे. कुत्र्याची जात आणि रंग लिहिला तर उद्या 'हा तो नव्हेच' असा वाद उरत नाही. दोन कुत्रे असतील तर दोन लिहावेत. एक सांगून मागाहून दुसरा आणणं हे घर जायचं हमखास कारण.

मालकाची हरकत ही बऱ्याचदा कुत्र्याला नसते, घाणीला असते. काहींच्या घरात देव असतात, कुत्रा देवघरात गेलेला चालत नाही. काहींना आधीच्या भाडेकरूचा अनुभव वाईट आलेला असतो. अशा वेळी भांडून उपयोग नाही. लसीकरणाची पुस्तिका दाखवावी, कुत्रा एकदा सोबत नेऊन भेटवावा, महिनाभराची अनामत जास्त देऊ करावी, घर सोडताना रंग किंवा चुना मारून देण्याचं कबूल करावं. देवघराची खोली बंद ठेवायची अट असेल तर ती मान्य करून पाळावी.

मोबाइलवर एक गोष्ट फिरत असते, की कुत्रा पाळायला कोणी मनाई करूच शकत नाही. ती अर्धी खरी आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण सोसायटीला, बहुमताने ठराव करूनसुद्धा, रहिवाशांच्या पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. म्हणजे मंचर किंवा राजगुरुनगरात इमारतीत फ्लॅट घेतला तर सोसायटीचा अडथळा टिकणारा नाही. पण खासगी घराच्या मालकाने 'कुत्रा असेल तर घर देत नाही' म्हटलं, तर त्या सूचना दाखवून घर मिळत नाही. घर कोणाला द्यायचं हे तो ठरवणार.

विकत घेणार असाल तर

भाड्याने वर्षभर राहून मगच विकत घ्यावं, हे कुत्रा नसलेल्यांनाही लागू आहे. घाई झालीच तर दोन-तीन गोष्टींत फसगत होते. पहिली, शेतजमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम ६३ त्यासाठीच आहे. 'एक-दोन गुंठे घ्या, कुत्र्याला मोकळी जागा होईल' म्हणून स्टॅम्प पेपरवर नोटरी करून दिलेला व्यवहार मालकी देत नाही. स्थावर मालमत्तेचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. दुसरी, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणात ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक तयार झालं असेल तर ते मागावं, गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश. आणि तिसरी, रस्ता. वहिवाटीची वाट दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल तर तुमचा कुत्रा रोज त्याच्या पिकातून जाणार हे गृहीत धरावं.

शेजाऱ्याच्या कोंबड्या

शहरात कुत्र्यावरून भांडण होतं ते भुंकण्यामुळे. गावात होतं ते कोंबडीमुळे. फ्लॅटमध्ये वाढलेल्या लॅब्रेडॉरने किंवा जर्मन शेफर्डने आयुष्यात कोंबडी पळताना बघितलेली नसते. पहिल्याच दिवशी एक मारली, तर पुढची दोन वर्षं तोच विषय. शेळीच्या करडावर गेला तर नुकसान हजारांत. त्यामुळे घर बघताना दोन्ही बाजूंच्या परड्यात डोकवावं. कोंबड्या मोकळ्या असतील तर मधे कुंपण आहे का, नसेल तर करायचा खर्च कोणाचा, हे मालकाशी आधीच ठरवावं. साधी जाळी मारायचा खर्चही भाड्यात धरून मग घर स्वस्त की महाग ते ठरवावं.

तरीही नुकसान झालंच, तर बाजारभावाने पैसे त्याच दिवशी द्यावेत. तिथे वकिली करू नये. कायदाही मालकालाच धरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट बाजूने, कुत्रा त्रास देतो म्हणून त्याला विष घालणं हाही गुन्हा आहे. कलम ३२५ खाली त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि दिवसरात्र आखूड साखळीला बांधून ठेवणं, फिरवायलाच न नेणं, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेत मोडतं. कंटाळून गावाबाहेर सोडून देणंही.

दवाखाना किती लांब?

जवळपास प्रत्येक मोठ्या गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथलं मुख्य काम गाई-म्हशींचं. रेबीजची लस, जखमेची मलमपट्टी, जंताचं औषध यासाठी तिथे विचारता येतं. सलाईन, रक्ततपासणी, एक्स-रे लागला तर तालुक्याच्या किंवा त्याहून मोठ्या ठिकाणच्या खासगी दवाखान्यात जावं लागतं. घर नक्की करण्याआधी असा दवाखाना रात्री उघडतो का आणि किती मिनिटांवर आहे, ते स्वतः जाऊन बघावं. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवावा, त्यावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची मदत मागता येते.

गावाकडे कुत्र्याला धोका देणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्या वाटेत कुत्रा माणसाआधी नाक घालतो. सर्पविषावरची लस खासगी पशुवैद्याकडे आहे का, हे साप चावल्यावर विचारायची गोष्ट नाही. गोचीड तर इथे बारा महिने, गोठा शेजारी असेल तर जास्तच. गोचिडीतून येणाऱ्या तापात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, चार दिवस 'हवा बदलली म्हणून' असं समजून थांबलं तर उशीर होतो. उंदरांसाठी ठेवलेलं विषारी आमिष, फवारणीच्या औषधाची बादली आणि एक सहसा ध्यानात न येणारी वस्तू म्हणजे एरंडी पेंड. सेंद्रिय खत म्हणून ती बागेत टाकतात, कुत्र्यांना तिचा वास आवडतो आणि ती त्यांना विषारी आहे. घरमालक परसात काय टाकतो हे विचारून घ्यावं.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला, मग बूस्टर आणि पुढे दरवर्षी. गावातल्या मोकाट कुत्र्यांशी रोजचा संबंध येणार असल्याने तारीख चुकवून चालत नाही. कुत्रा आपला असो की परका, चावला किंवा नखाने ओरखडला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. हळद, चुना, मिरची लावायची नाही. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

पत्रा, पाणी आणि पहिला आठवडा

स्वस्त घराला बऱ्याचदा पत्र्याचं छत असतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्या खोलीत माणूस थांबत नाही, दाट केसांचा हस्की किंवा चपट्या नाकाचा पग तिथे जीव सोडू शकतो. घरात एक तरी कौलारू किंवा स्लॅबची खोली हवी, नाहीतर दारात दाट सावलीचं झाड. नळाला पाणी किती दिवसांआड येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, हेही विचारावं, कुत्रा धुवायला आणि फरशी पुसायला पाणी जास्त जातं. वीज मीटर चालू आहे ना, मागची थकबाकी नाही ना, हे बिल बघून ठरवावं. पंखा बंद पडला तर पत्र्याखालच्या कुत्र्याचे हाल होतात.

सामान हलवताना कुत्रा टेम्पोच्या मागे सामानात बांधून आणू नये. पहाटे लवकर निघून गाडीत आपल्यासोबत आणावा, निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खाऊ घालू नये, पाणी द्यावं. त्याची जुनी गोधडी न धुता आणावी, ओळखीच्या वासावर तो लवकर झोपतो. नव्या घरात पहिला आठवडा, आवार कितीही बंदिस्त असलं तरी, पट्टा न सोडता फिरवावं. बरेच कुत्रे या आठवड्यातच जुन्या घराच्या ओढीने निघून जातात. गळ्यातल्या पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला असावा, आणि डेअरीवर, किराणा दुकानात, शाळेजवळ कुत्रा दाखवून 'हा आमचा' असं सांगून ठेवावं. हरवलाच तर गावात सगळ्यांत आधी तो डेअरीवर सकाळी दूध घालायला येणाऱ्यांना दिसतो.